स्क्रीन बदलण्याआधी एकदा जुना कर्नल चालवून बघा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत संगणक वेळच्या वेळी अपडेट करा, चालढकल करू नका, असा सल्ला आला होता. सल्ला चुकीचा नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात, हे मलाही कळतं. पण अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर अंधार झाला, तर माणसानं काय करायचं? त्या अर्ध्या पानात याबद्दल एक ओळ नव्हती. ती ओळ मी वर मथळ्यात दिली आहे (कर्नल म्हणजे काय, ते पुढं सांगतो), आणि ती मी गेल्या हळदीच्या हंगामात शिकलो. साडेचार हजार रुपये जाता जाता राहिले. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा, फक्त मधली आदेशाची ओळ कापू नका.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. बत्तीस वर्षं झाली. त्यातली पंचवीस लाल वह्यांत गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गणपती पेठेत शेठच्या एका स्नेह्यांच्या वह्यांचा नुसता लगदा झाला. तो लगदा बघून आल्यावर शेठ म्हणाले, "दिवाणजी, आता वही पुरे." त्यांच्या मुलाचा कॉलेजातला लॅपटॉप माझ्या गादीवर आला. २०१२ सालचा. त्यात विंडोज ७ होतं, त्याचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला. पुढं पावणेतीन वर्षं मी तसाच रेटला. २०२२ च्या दिवाळीत पुण्याचा भाचा आला, त्यानं हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली आणि विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. मोफतचं. मी साशंक होतो, पण तीन मिनिटांनी चालू होणारं यंत्र वीस सेकंदांत चालू व्हायला लागलं म्हटल्यावर काय बोलणार? शेतकऱ्याच्या पट्ट्या मी लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यात, करतो. पोती, वजन, दर, त्यातनं हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. मला एवढंच लागतं.

आता भानगड कुठून सुरू झाली ते सांगतो. लॅपटॉपचं वायफाय म्हातारं झालं होतं, म्हणून शेठनी यूएसबीला लावायचा वायफायचा डोंगल आणला. तो लिनक्सला ओळखूच येईना. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, यातल्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, कर्नल ६.२ पासून आत आलाय. तुमचा ५.१५ आहे. अपडेटच्या खिडकीत कर्नलची यादी असते, तिथनं ६.८ टाका."

कर्नल म्हणजे काय, हे मी माझ्यापुरतं असं समजून घेतलंय. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात शेठ. पण हमाल, तोलाईवाले, टेम्पोवाले यांना कामाला लावतो तो मुकादम. शेठना काटा कुणी धरला ते ठाऊक नसतं, मुकादमाला असतं. लॅपटॉपमध्ये आपण बघतो ती खिडक्या-चित्रं म्हणजे शेठ. पडदा, कीबोर्ड, वायफाय, डिस्क यांच्याकडनं काम करून घेणारा मुकादम म्हणजे कर्नल. मी संध्याकाळी यादीतनं ६.८ वर क्लिक केलं, पासवर्ड दिला आणि यंत्र बंद करून घरी गेलो. म्हणजे नवा मुकादम रात्री नेमला आणि सकाळी सौदा होता. हंगामात असं करू नये. ही चूक सर्वस्वी माझी.

सकाळी दुकान उघडलं, लॅपटॉप चालू केला. पडदा काळा. आधी वाटलं डोळ्याचंच आहे, कारण डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिनेच झाले होते. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला. आमचं दुकान म्हणजे समोर अख्खं उघडं शटर, बाहेर पत्र्यांवर ऊन, ते सगळं आत येतं. त्या उजेडात पडद्यावर माझाच चेहरा दिसत होता. कडेनं बघितलं तर आत काहीतरी असल्यासारखं वाटायचं. उजेड वाढवायचं बटण दाबलं. कोपऱ्यात सूर्याचं चित्र आलं असावं, पट्टीही सरकली असावी, पण पडदा तसाच.

सौदा होऊन गेला होता आणि कडेगावकडचे एक शेतकरी समोर गादीवर बसलेले. अठ्ठावीस पोती हळकुंड, सहा पोती गड्डा. "दिवाणजी, पट्टी देताय न्हवं? आमाला येष्टी गाठायची हाय." मी हमालाच्या खांद्यावरचा टॉवेल मागून घेतला, डोक्यावरून लॅपटॉपवर ओढला आणि आत तोंड घातलं, पूर्वी स्टुडिओतले फोटोग्राफर काळ्या कपड्यात शिरायचे तसं. आत आकडे दिसले! पुसट, राखाडी, पण दिसले. तसंच टॉवेलात बसून पट्टी केली, चाचपडत छापली. बाहेर आलो तेव्हा शेतकरी, हमाल आणि शेजारच्या दुकानाचे मुनीम असे तिघं माझ्याकडं बघत उभे. मुनीम म्हणाले, "काय दिवाणजी, वाफारा घेताय?"

दुपारी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. कुठल्या, ते लिहीत नाही, माझं भांडण एका दुकानाशी नाही. काउंटरवरच्या पोरानं चालू केला, दोनदा बटणं दाबली आणि बंद केला. अर्धं मिनिटही झालं नसेल. "काका, इन्व्हर्टर गेला. पॅनलसकट बदलायला लागेल. साडेचार हजार. जुनं मॉडेल आहे, पुण्यावरनं मागवायला लागेल." मी विचारलं, कालपर्यंत तर धड होता, फक्त अपडेट केलं. त्यावर तो हसला. "अपडेटनं कुठं स्क्रीन जातीय का काका?"

हे वाक्य ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मी गप्प बसलो. शेठना विचारून उद्या सांगतो, असं म्हणून लॅपटॉप पिशवीत घातला.

एक गोष्ट मला पुढं आठवड्यानं कळली, ती इथंच सांगून टाकतो. जुन्या लॅपटॉपमध्ये पडद्यामागं बारीक ट्यूबलाइटसारखा दिवा असायचा, त्याला जास्त दाबाची वीज लागायची आणि ती पुरवणाऱ्या छोट्या पट्टीला इन्व्हर्टर म्हणत. माझ्या २०१२ च्या यंत्रात एलईडीचा दिवा आहे. एलईडीला तो इन्व्हर्टर लागतच नाही. म्हणजे जी वस्तू माझ्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच, ती गेल्याचं मला सांगितलं गेलं होतं.

रात्री जेवण झाल्यावर मी लॅपटॉप पुन्हा काढला, निदान मागच्या आठवड्याच्या पट्ट्या पेन ड्राइव्हवर घ्याव्यात म्हणून. बायकोनं झोपायचं म्हणून दिवा घालवला. आणि खोलीत अंधार झाल्याबरोबर पडदा दिसायला लागला! मंद, पण सगळा, एकसारखा. एखाद्या कोपऱ्यात काळं नाही, फडफड नाही, रेघा नाहीत. मेलेला दिवा असा पेटत नाही, एवढं तर मलाही कळत होतं. दहा वाजून गेले होते, तरी भाच्याला फोन लावला.

त्यानं पहिला प्रश्न विचारला तो दुकानातल्या पोरानं विचारायला हवा होता. "मामा, जुन्या कर्नलवर चालू करून बघितलात का?"

जुना कर्नल गेलेला नसतो, हेच मला माहीत नव्हतं. नवा आला की जुना शेजारी तसाच ठेवलेला असतो. लॅपटॉप चालू करताना शिफ्टची कळ दाबून धरायची (नव्या धर्तीच्या यंत्रांत एस्केपची), म्हणजे काळ्या पानावर यादी येते. त्या यादीला ग्रब म्हणतात. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी ओळ असते, तिच्या आत सगळे कर्नल नंबरासह. मी अंधारात बाण खाली नेत नेत ५.१५ वर आणला आणि एंटर दाबलं. कंपनीचं चिन्ह गेलं, क्षणभर काळं, आणि मग पडदा असा लख्ख उजळला की बायको अंथरुणातनं म्हणाली, "अहो, दिवा का लावलात?"

संपादक महाशय, या पत्रात दुसरं काही छापलं नाही तरी चालेल, एवढं छापा. पडदा, त्याची वायर, त्यातला दिवा या वस्तू आहेत. कर्नल जुना की नवा, हे त्यांना कळत नाही. जुन्या कर्नलवर उजेड नीट येतो आणि नव्यावर येत नाही, तर वस्तू शाबूत आहे आणि घोळ मुकादमात आहे. ही परीक्षा दोन मिनिटांची. पैसा लागत नाही, स्क्रू उघडायला लागत नाही. उलट जुन्या कर्नलवरही पडदा मंदच राहिला, किंवा लॅपटॉपचं झाकण हलवलं की उजेड कमीजास्त झाला, तर खुशाल दुकानात जा. तेव्हा पॅनल किंवा बिजागरीतनं जाणारी वायर असू शकते. पडदा पूर्ण काळा असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. आत पुसट चित्र दिसलं तर चित्र येतंय, नुसता दिवा पेटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कर्नलवर दुकान चालवलं. पडदा छान, पण डोंगल पुन्हा मुका! डोंगल हवा तर अंधार, उजेड हवा तर डोंगल नाही. चार दिवस मोबाइल वायरनं जोडून इंटरनेट घेतलं. रविवारी भाचा फोनवर निवांत बसला आणि खरं कारण निघालं. ते मी माझ्या भाषेत सांगतो, तंत्रज्ञांनी हसू नये.

पडद्यामागच्या दिव्याला बटण एक नसतं. एक बटण लॅपटॉपच्या मूळ प्रणालीचं असतं, ज्याला एसीपीआय म्हणतात. एक असतं खुद्द ग्राफिक्सच्या चिपचं, माझ्यात ती इंटेलची आहे. काही यंत्रांत बनवणाऱ्यानं स्वतःचं तिसरं ठेवलेलं असतं. तिन्ही त्याच दिव्याची, पण प्रत्येक यंत्रात प्रत्येक बटणाची तार जोडलेली असेलच असं नाही. लिनक्समध्ये ही बटणं चक्क एका फोल्डरात दिसतात, 'सिस' मध्ये 'क्लास', त्यात 'बॅकलाइट'. जुन्या कर्नलवर मी तिथं बघितलं तर दोन नावं होती, एसीपीआय व्हिडिओ शून्य आणि इंटेल बॅकलाइट. पहिल्याची कमाल पायरी १५, दुसऱ्याची ४८८२. नव्या कर्नलवर गेलो तर तिथं एकच, एसीपीआय व्हिडिओ शून्य.

भाचा म्हणाला, "आता उजेड कमी करायचं बटण दाबत जा आणि आतला आकडा मला वाचून दाखवा." मी दाबलं. १५, १४, १३, १२. आकडा इमानदारीत उतरत होता. पडद्यावर मात्र तीळभर फरक नाही. वहीत जमा पडतेय आणि गल्ल्यात रुपया नाही, तसला प्रकार. म्हणजे माझ्या यंत्रात एसीपीआयच्या बटणाची तार जोडलेलीच नाही. ते बटण नुसतं दाखवायचं आहे, आणि ते बहुधा २०१२ पासून तसंच आहे.

मग जुन्या कर्नलवर चालत कसं होतं? इथं भाचा जरा ओशाळला. २०२२ च्या दिवाळीत लिनक्स टाकताना हीच अडचण त्याला आली होती. तेव्हा त्यानं एका फाइलीत 'इंटेलचंच बटण वापरावं' अशी ओळ लिहून ठेवली होती, आणि मला सांगायचं राहिलं, आणि पुढं तोही विसरला. जुना कर्नल दोन्ही बटणं बाहेर मांडून ठेवायचा, कुठलं घ्यायचं ते वरच्यांनी ठरवावं. कर्नल ६.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, हा रिवाज बदलला. एका पडद्याला दोन-दोन बटणं दिसल्यानं घोटाळे होतात, म्हणून कर्नल आता स्वतःच एक निवडतो आणि बाकीची मांडतच नाही. विचार चांगलाच आहे. पण यंत्र विंडोज ८ च्या आधीच्या काळातलं असेल तर तो सहसा एसीपीआयचं बटण निवडतो. माझं यंत्र नेमकं त्याच काळातलं. मी ५.१५ वरून एकदम ६.८ वर उडी मारली. नव्या मुकादमानं सरळ सांगितलं, आजपासून हेच बटण. भाच्याची ओळ ज्या बटणाचं नाव घेत होती, ते बटणच जाग्यावर नव्हतं.

आणि पडदा मंदच का अडकला, तेही त्यात आलं. लिनक्स बंद होताना शेवटचा उजेड टिपून ठेवतो आणि पुन्हा चालू झाल्यावर तेवढाच करतो, प्रत्येक बटणाचा वेगवेगळा. माझा लॅपटॉप चालू होताना स्वतःहून मंदच उजेड देतो. रोज सकाळी कंपनीचं चिन्ह अंधूक दिसायचं, मग झटकन पडदा उजळायचा. इतकी वर्षं हे रोज डोळ्यासमोर होतं आणि मला ते कधी दिसलं नाही. आता उजळवणारं बटणच नाही म्हटल्यावर पडदा सकाळच्या त्या पहिल्या मंद पायरीवरच राहिला.

उपाय एका ओळीचा. कर्नलला सुरू होतानाच सांगायचं की बाबा, चिपचं स्वतःचं बटण घे. पण ही ओळ कायमची लिहिण्याआधी एकदा तात्पुरती देऊन बघता येते, आणि आधी तेच करावं. आमच्या हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे साठवणीची जमिनीतली कोठारं, आहेत. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, आत कोंडलेली हवा आधी जाऊ देतात. जुने हमाल आधी कंदील सोडायचे आणि तो विझत नाही ना ते बघायचे. ग्रबच्या यादीत नव्या कर्नलच्या ओळीवर उभं राहून इंग्रजी 'ई' दाबला की असाच कंदील सोडता येतो. चार-पाच ओळींचं गिचमिड उघडतं, त्यात 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी लांब ओळ शोधायची, बाणानं तिच्या शेवटाला जायचं, तिथं बहुतेक 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. त्यांच्यापुढं एक जागा सोडून लिहायचं आणि एफ-१० दाबायचं. ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरतीच राहते. बिघडलं तर बंद करून पुन्हा चालू करा, पाटी कोरी.

काय लिहायचं, ते भाच्यानं फोनवर सांगितलं तसंच देतो: एसीपीआय, लगेच खालची रेघ म्हणजे अंडरस्कोअर, लगेच बॅकलाइट, लगेच बरोबरचं चिन्ह, लगेच नेटिव्ह. सगळं इंग्रजी छोट्या लिपीत, असं: acpi_backlight=native मी अंधारात बसून, चष्मा कपाळावर, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, एफ-१० दाबलं. काही नाही. पडदा तसाच मंद.

"मामा, काय लिहिलंत ते वाचा." वाचलं. बरोबर होतं. पुन्हा वाचलं. बरोबर. शेवटी त्यानं व्हिडिओ कॉल करायला लावला आणि मोबाइल पडद्यावर धरून बघितलं. हिशेबात बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची माझी बत्तीस वर्षांची सवय. तिथंही सोडली होती. कर्नलला अशी मोकळी जागा म्हणजे शब्द संपला. त्याला त्या तुकड्यांतलं काही कळलं नाही, आणि जे कळत नाही ते तो मुकाट्यानं सोडून देतो, पडद्यावर तक्रारही करत नाही. दोन्ही जागा काढल्या. एफ-१०. लख्ख! डोंगलचा निळा दिवाही लुकलुकायला लागला. फोल्डरात बघितलं तर आता एकच नाव, इंटेल बॅकलाइट, कमाल ४८८२.

मग कायमचं केलं. 'ईटीसी' फोल्डरातल्या 'डिफॉल्ट' मध्ये 'ग्रब' नावाची फाइल असते. तिच्यातही 'क्वाएट स्प्लॅश' असलेली ओळ आहे. अवतरणचिन्हांच्या आत, त्या दोन शब्दांपुढं एक जागा सोडून वरचा शब्द चिकटवायचा, फाइल साठवायची आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो अपडेट-ग्रब' असा आदेश द्यायचा. लिनक्सची घराणी बरीच आहेत. हा आदेश उबुंटू नावाच्या घराण्यातला, दुसऱ्या घराण्यात वेगळा असतो. शिवाय नेटिव्ह हा काही सगळ्यांचा रामबाण नाही. कुणाच्या यंत्रात 'व्हिडिओ' हा शब्द लागतो, कुणाच्या 'व्हेंडर'. कुठला लागतो ते कंदील सोडून बघायचं.

आणखी एक फसवा उपाय लोक सांगतात. एक्सरँडर नावाचा आदेश देऊन उजेड वाढवा म्हणतात. त्यानं दिवा हलतच नाही, नुसतं चित्र पांढुरकं किंवा काळपट होतं. पाण्यात हळद कालवून ती पिवळी झाली म्हणण्यातला प्रकार. बॅटरीही वाचत नाही.

विंडोजवाल्यांचं मी फार सांगू शकत नाही. भाचा म्हणतो तिथंही अपडेटनंतर उजेडाची पट्टी गायब होते, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेच्या खाली चिपच्या नावाऐवजी 'बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर' दिसलं तर ड्रायव्हर निखळलाय असं समजायचं. तो पुन्हा टाकायचा, किंवा 'रोल बॅक' करून आधीचा आणायचा. परीक्षा तीच, आधीचं लावून बघायचं.

आता गाऱ्हाणं. दुकानातल्या त्या पोराला मी दोष देत नाही. वीस-बावीस वर्षांचं असेल, दिवसाला तीस यंत्रं बघत असेल, त्यातल्या पंचवीसांचं पॅनल खरंच गेलेलं असेल. पण विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या यार्डातच दोन-तीन दुकानांनी जुनी यंत्रं टाकून न देता लिनक्सवर घेतली. शाळांत, सोसायट्यांत, क्लासेसमध्ये असेच जुने लॅपटॉप असणार. त्यांना आज ना उद्या नवा कर्नल येणार, आणि पडदा मंदावला की लोक दुकानात जाणार. दुकानदारांना माझी विनंती एवढीच, की गिऱ्हाइकासमोर एकदा जुन्या कर्नलवर चालू करून दाखवा आणि मग पॅनलचा भाव सांगा. आम्ही शेतकऱ्यासमोर काट्यावर वजन करतो ते त्याचसाठी. वजन आतल्या खोलीत करून बाहेर आकडा सांगितला तर कोण ऐकून घेईल?

गिऱ्हाइकांनीही एक करावं. जागा मोकळी करतो म्हणून जुने कर्नल पुसून टाकायची हौस असते, किंवा कुणी ते पुसून देतं. एक तरी मागचा, चालतो हे माहीत असलेला, ठेवाच. माझा ५.१५ अजून आहे, मी त्याला हात लावत नाही. आणि नवं काही टाकायचं तर सौद्याच्या आदल्या संध्याकाळी टाकू नका. मी आता अमावास्येला टाकतो, त्या दिवशी यार्ड बंद.

आपल्या पुरवणीकडूनही एक मागणं आहे. दर रविवारी नव्या मोबाइलचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते येतं. येऊ दे, पोरं वाचतात. पण महिन्यातनं एकदा चौथाई पान असल्या घरगुती दुरुस्तीला द्या, मराठीत, कळा कुठल्या दाबायच्या यासकट. त्या रात्री भाच्याचा फोन लागला नसता तर मी कुणाला विचारलं असतं? अपडेट करताना पडद्यावर जी माहिती येते ती इंग्रजीत, आणि ती इंग्रजी येणाऱ्यालाही कळत नाही. मी वाचायचा प्रयत्न केला होता. उजेडाबद्दल त्यात काही असेल तर ते मला सापडलं नाही.

भाच्यानं पुढं आणखी एक केलं. कर्नलमध्ये अपवादांची यादी असते म्हणे, अमुक मॉडेल असेल तर न विचारता चिपचंच बटण घ्यायचं, अशी. माझ्या लॅपटॉपचं मॉडेल त्या यादीत नाही. ते घ्यावं म्हणून त्यानं कर्नल सांभाळणाऱ्या मंडळींना ईमेल केलंय, सोबत यंत्राची माहिती जोडली आहे. मॉडेलचा नंबर लॅपटॉपच्या पोटावरच्या चिकटपट्टीवरून मीच वाचून दाखवला. हळदीच्या हातानं पट्टी इतकी पिवळी झाली होती की शेवटचे दोन आकडे नखानं खरवडायला लागले. अजून तिकडनं उत्तर नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली

(नाव आणि पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे. तो छापू नये, शेठना टॉवेलाची गोष्ट अजून माहीत नाही.)